हातचा अंदाज वजनात उतरवताना: खान्देशी पदार्थांचा घरगुती उद्योग मालकिणीच्या हातापलीकडे नेण्याची रीत

मी गेली चौदा वर्षे जळगावात खान्देशी काळा मसाला, ज्वारीचे बिबडे (पापडासारखे वाळवण) आणि उडदाचे पापड तयार करून विकते. त्यांतील पहिली नऊ वर्षे मसाल्याचे खोबरे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणीही भाजले नाही. दहाव्या वर्षी ऐन वैशाखात मला टायफॉईड झाला आणि एकवीस दिवस कढई चुलीवर चढली नाही. मिरची निवडून ठेवलेली होती, बायका रोज सकाळी येऊन चौकशी करून परत जात होत्या, आणि पुण्याच्या ज्या दुकानदाराला मी सहा वर्षे माल देत होते त्याने नाइलाजाने दुसरीकडून मसाला उचलला. जागा होती, माणसे होती, माल होता, गिऱ्हाईकही होते. फक्त माझा हात नव्हता. आजारातून उठल्यावर पुढील चार वर्षांत जे बदल केले, ते ज्या क्रमाने करायला हवे होते त्या क्रमाने येथे लिहीत आहे, कारण क्रम चुकल्यामुळे माझे बरेच पैसे आणि त्याहून अधिक श्रम वाया गेले. हा लेख अशा उद्योजकांसाठी आहे, ज्यांच्या मालाला मागणी आहे, पण ज्यांना स्वतःला उसंत नाही.

आधी चौदा दिवसांची वही

कर्ज, यंत्र, नवीन जागा यांपैकी कशाचाही विचार करण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि चौदा दिवस, दर अर्ध्या तासाला, आपण काय केले ते एका ओळीत लिहावे. दिवसाच्या शेवटी आठवून लिहू नये. आठवणीत अवघड कामे मोठी होतात आणि किरकोळ कामे पुसली जातात. चौदा दिवसांनंतर प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करावी: हे काम आज तरी फक्त मलाच जमते, हे शिकवल्यास दुसऱ्याला जमेल, हे काम केले नाही तरी काही अडत नाही.

माझी समजूत अशी होती की माझा दिवस भाजणीत जातो. वहीने दाखवले की अकरा तासांच्या दिवसात भाजणी दीड तासाचीच होती. सहा तास गिऱ्हाइकांच्या फोनला उत्तरे देणे, पुड्या तोलणे, लेबल चिकटवणे, पार्सल ट्रान्सपोर्टवर नेऊन देणे आणि उधारीची आठवण करणे यांत जात होते. म्हणून भाजणीच्या आधी मी ही कामे सोडली. पुड्या तोलायला आणि लेबलांना एका मुलीला रोज चार तास ठेवले, आणि फोनसाठी सायंकाळी 5 ते 7 अशी वेळ ठरवून ती पाकिटावर छापली. गिऱ्हाइके तुटतील ही भीती खोटी ठरली.

स्वतःची मजुरी धरून हिशेब

दुसऱ्या माणसाला कामावर घ्यायचे, तर त्याचा पगार मालाच्या किमतीतून निघाला पाहिजे, आणि येथेच बहुतेक घरगुती उद्योग अडकतात. आपण स्वतःची मजुरी शून्य धरतो आणि मालाच्या वजनातली तूट मोजत नाही. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. रीत समजून घेऊन स्वतःचे आकडे मांडावेत.

समजा, 10 किलो कच्चा माल 3,600 रुपयांना पडला. वरवर पाहता किलोला 360 रुपये झाले. परंतु देठ, बी, खडे, भाजणीतील घट आणि कांडपात उडणारी पूड वजा जाऊन हाती 8.2 किलोच मसाला येतो. म्हणजे खरी किंमत किलोला 439 रुपये झाली. त्यात गॅस, तेल आणि कांडपाचे 40, पाकिटाचे 35, वाहतुकीचे 15, बायकांच्या मजुरीचे 50 आणि मालकिणीच्या स्वतःच्या मजुरीचे 45 मिळवले की एक किलो मसाला 624 रुपयांना पडतो. छापील किंमत 700 रुपये असेल आणि दुकानदाराने वीस टक्के मागितले, तर हाती 560 रुपये येतात. तूट आणि स्वतःची मजुरी न धरणाऱ्या बाईला वाटते की खर्च 500 आला आणि 60 रुपये सुटले. प्रत्यक्षात ती प्रत्येक किलोमागे 64 रुपये पदरचे घालत असते. ती जितका अधिक माल दुकानात देईल, तितकी अधिक थकेल आणि तितकीच अधिक खड्ड्यात जाईल. माझी पहिली पाच वर्षे अशीच गेली.

हिशेब उणे येत असेल तर किंमत वाढवावी, तूट कमी करावी किंवा दुकानांऐवजी थेट गिऱ्हाइकांवर भर द्यावा. माणूस त्यानंतर घ्यावा.

कोणता पदार्थ ठेवावा, कोणता सोडावा

खान्देशात कोणी चांगला मसाला करते असे कळले की लोक तिला भरीत, शेवभाजी, मांडे, डुबुकवडे सगळेच मागू लागतात, आणि नाही म्हणणे जड जाते. मी पाच वर्षे हिवाळ्यात भरताच्या ऑर्डरी घेतल्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे नाव सर्वदूर झाले, आणि मागणीही मोठी आहे; परंतु तयार भरीत त्याच दिवशी संपावे लागते. काटक्यांवर वांगी भाजणे, सोलणे, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचणे हे सारे पहाटेपासून दुपारपर्यंत आटोपावे लागते, उरलेले टाकावे लागते आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. तो उत्तम धंदा आहे, पण हॉटेलचा आहे. मांड्यांचेही तसेच आहे. खापरावर मांडा टाकणारा हात वर्षानुवर्षांनी तयार होतो.

मालकिणीच्या गैरहजेरीतही चालू शकेल असा पदार्थ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: तो किमान चार महिने टिकतो का, त्याची कृती वजनात आणि वेळेत सांगता येते का, आणि त्याच्या विक्रीवर स्वतःची मजुरी सुटते का. मी बावीस पदार्थांवरून तीनवर आले. भरीत सोडताना जुनी गिऱ्हाइके नाराज झाली, हे खरे आहे आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

कृती कागदावर आणणे

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि याला तीन-चार महिने द्यावेत. ‘मला अंदाज आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपले डोळे, नाक आणि हात यांनी केलेली पाच-सहा मोजमापे त्या एका शब्दात दडलेली असतात. ती एकेक करून बाहेर काढावी लागतात.

सुरुवात वजनापासून करावी. 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा एक काटा आणि मोठ्या मालासाठी दुसरा, असे दोन वजनकाटे घ्यावेत. मूठ, वाटी, चिमूट हे शब्द कृतीतून पूर्णपणे काढून टाकावेत. मी पहिल्यांदा माझी ‘एक मूठ’ दगडफूल पाच वेळा तोलली, तेव्हा पाचही वजने निराळी आली, आणि आपल्या मसाल्याची चव दर खेपेला थोडी बदलते अशी जी तक्रार येत असे तिचे कारण मला तेथे दिसले.

त्यानंतर भाजणी. काळ्या मसाल्याचा प्राण खोबऱ्यात आहे. खोबरे कमी भाजले तर मसाला तपकिरी राहतो आणि रश्श्याला तो गडद रंग येत नाही. जास्त भाजले तर कडवटपणा येतो, आणि तो पुढे कशानेही जात नाही. ‘काळे होईपर्यंत भाजावे’ हे वाक्य शिकणाऱ्याच्या काहीच उपयोगाचे नाही. मी असे केले: 1 किलो खोबऱ्याचे सारख्या जाडीचे काप घेतले, मला पटेल तसे भाजले आणि लगेच पुन्हा तोलले. दहा घाण्यांनंतर लक्षात आले की मला पसंत पडलेला प्रत्येक घाणा 890 ते 900 ग्रॅमच्या दरम्यान उतरला होता. आता माझ्याकडे भाजणारी बाई घाणा उतरवण्यापूर्वी तो तोलते. तुमच्या कढईत आणि तुमच्या खोबऱ्यात हा आकडा वेगळा येईल, पण तो शोधून काढता येतो. त्यासोबत योग्य भाजलेल्या खोबऱ्याचा एक नमुना, थोडे कमी भाजलेले आणि थोडे करपलेले असे आणखी दोन, अशा तीन काचेच्या बरण्या चुलीजवळच्या फळीवर ठेवाव्यात. भाजणाऱ्या बाईने काप वर धरून त्या बरण्यांशी ताडून पाहावा. बरण्यांतील नमुने दर पंधरा दिवसांनी नवे भरावेत, कारण खोबऱ्याचे तेल सुटून रंग बदलतो.

धणे, तीळ, खसखस, मिरी, लवंग, जावित्री, बाद्यान यांपैकी प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा आणि प्रत्येकाची वेळ, आचेची पातळी आणि कढईत एका वेळी घालायचे वजन लिहावे. एका वेळचे वजन पुष्कळजणी लिहीतच नाहीत. 500 ग्रॅम धण्यांना लागणारा वेळ 2 किलो धण्यांना चौपट लागत नाही, आणि तळाचे धणे करपून वरचे कच्चे राहतात. म्हणून घाणा मोठा करण्यापेक्षा घाण्यांची संख्या वाढवावी. भाजलेला माल पूर्ण थंड झाल्याशिवाय कांडपाला देऊ नये, आणि कांडपाहून आलेला मसाला गरम असतानाच पाकिटात भरू नये, कारण आत वाफ धरते आणि त्यातून बुरशी येते.

मिरचीचे गणित वेगळे आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागांवर, ओली लाल मिरची वाळत पडते. त्या काळात अवकाळी पाऊस झाला की रंग आणि तिखटपणा दोन्ही बदलतात. एकाच खेपेच्या मिरचीवर वर्षाचा मसाला अवलंबून ठेवू नये. मी रंगासाठी एक आणि तिखटासाठी एक अशा दोन जातींची मिरची, किमान तीन वेगवेगळ्या खेपांतून घेते आणि ठरलेल्या प्रमाणात मिसळते, म्हणजे एखादी खेप कमी-जास्त निघाली तरी एकूण चव फार ढळत नाही.

शेवटी चव. येथेही आपली जीभ हीच एकमेव मोजपट्टी असू नये. ठरावीक रस्सा करावा: 500 मिलिलिटर पाणी, 15 ग्रॅम मसाला, 20 ग्रॅम तेल, 5 ग्रॅम मीठ, दहा मिनिटे उकळी. मग तीन वाट्या भराव्यात. दोन वाट्यांत मागच्या पसंत घाण्याचा रस्सा आणि एकीत नव्या घाण्याचा, किंवा उलट. चाखणाऱ्या पाच-सहा जणींना कोणती वाटी वेगळी आहे एवढेच विचारावे. ही त्रिकोण चाचणी खाद्य उद्योगात सर्रास वापरली जाते आणि घरच्या ओट्यावरही करता येते. नुसत्या अंदाजाने साधारण तीनपैकी एकीचे उत्तर बरोबर येणारच. तेवढ्याच जणींनी वाटी ओळखली तर घाणा उत्तीर्ण समजावा. बहुतेकींनी ओळखली तर तो घाणा बाजूला ठेवून कोठे फरक पडला ते शोधावे. माझ्याकडे ज्या दिवशी दुसऱ्या हाताने भाजलेला मसाला मलाच ओळखता आला नाही, त्या दिवशी मला आनंद झाला आणि थोडे रडूही आले.

पहिला माणूस आणि शिकवण्याची पद्धत

पहिली जबाबदार व्यक्ती निवडताना सुगरण शोधू नये. सुगरण बाई कृतीत स्वतःची भर घालते, आणि घरच्या स्वयंपाकात तो गुण असला तरी येथे त्यानेच चव बदलते. नीट तोलणारी, चुकले तर सांगणारी आणि वेळेवर येणारी बाई हवी. माझी भाजणारी बाई पूर्वी केळीच्या पॅकिंगवर कामाला होती आणि मोजून माल भरण्याची तिला सवय होती.

शिकवताना घाई करू नये. पहिले काही घाणे तिने फक्त पाहावेत आणि आपण प्रत्येक गोष्ट बोलून दाखवावी. नंतर तिने भाजावे आणि आपण शेजारी उभे राहावे. नंतर आपण दुसऱ्या खोलीत बसावे आणि शेवटी घराबाहेर पडावे. यातला तिसरा टप्पा मालकिणीलाच सर्वांत कठीण जातो, कारण वास आला की पाय आपोआप चुलीकडे वळतात. शिकण्याचे घाणे 2 किलोचेच असावेत आणि त्यांपैकी काही बिघडणार हे धरून त्या नुकसानीची रक्कम आधीच बाजूला काढावी. आमचे सहा घाणे फेकावे लागले. त्याबद्दल मी तिला एक शब्दही बोलले नाही, आणि त्याचे फळ मला पुढे एका सकाळी मिळाले, जेव्हा तिने स्वतःहून येऊन सांगितले, “ताई, मिरची सादळेल शे, आज कांडपाले देऊ नका.” चूक झाकण्याची सवय लागली असती तर ती दमट मिरची कांडपाला गेली असती आणि शंभर पाकिटे परत आली असती.

मजुरी हंगामापुरती देऊन बाई वर्षभर टिकेल अशी अपेक्षा करू नये. भाजणी करणाऱ्या बाईला बारा महिन्यांचा पगार द्यावा आणि पावसाळ्यात तिच्याकडून पॅकिंग, साठ्याची मोजणी आणि नव्या बायकांचे शिक्षण ही कामे घ्यावीत.

खान्देशात कामाचे वेळापत्रक आखताना आखाजी विसरून चालत नाही. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी जातात, आणि वाळवणाचा व मसाल्याचा हंगामही नेमका तेव्हाच भरात असतो. बायकांना अडवून ठेवू नये. तो त्यांचा वर्षाचा विसावा आहे. त्या आठवड्याचा माल आधीच्या पंधरवड्यात तयार करून ठेवावा. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाच्या वेळीही असेच नियोजन करावे. उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, म्हणून भाजणी पहाटे 5 वाजता सुरू करून 9 वाजता संपवावी आणि दुपारी चूल पेटवूच नये.

कागदपत्रे

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार उलाढालीच्या मर्यादेप्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. दळलेले मसाले सुटे विकता येत नाहीत, पाकीटबंदच विकावे लागतात. पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, टिकण्याची मुदत, शाकाहारी चिन्ह आणि संपर्काचा पत्ता हवा. बॅच क्रमांक केवळ नियमासाठी टाकू नये. त्यावरून तारीख, घाणा आणि भाजणारी व्यक्ती कळली पाहिजे, आणि प्रत्येक बॅचचे 100 ग्रॅम मुदत संपेपर्यंत जपून ठेवले पाहिजेत. खवट वासाची तक्रार आली की ती बरणी उघडावी. दोष आपल्या घाण्याचा आहे की दुकानातल्या उन्हाचा, हे लगेच समजते. केळी वेफर्स करणाऱ्यांनी तळणीच्या तेलाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल वापरता येत नाही.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत खान्देशातील उद्योजकांची एक गफलत नेहमी होते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, परंतु राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. आपले निम्मे नातेवाईक सुरतेला आणि बऱ्हाणपूरला असतात, त्यामुळे पहिली मोठी ऑर्डर अनेकदा तिकडूनच येते. ती घेण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

बाजार आणि उधारी

नवी दुकाने एकदम दहा धरू नयेत. दोन धरावीत, तीन महिने त्यांचा माल एकदाही चुकू देऊ नये, मग तिसरे धरावे. उधारीची मुदत लेखी ठरवावी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापल्याने ही गोष्ट न बोलता सांगितली जाते. एका मोठ्या दुकानाने माझे पैसे सात महिने अडकवले होते, तेव्हा मला हा नियम ठाऊकच नव्हता.

मिरची हिवाळ्यात रोखीने घ्यावी लागते आणि मसाल्याचे पैसे जूनपर्यंत येत राहतात. मधल्या काळातील या रकमेची तजवीज बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे लागेल तेव्हा उचलून परत भरता येणाऱ्या कर्जातून, करावी. हंगामाची मिरची सावकारी व्याजाने कधीही घेऊ नये.

यंत्र सर्वांत शेवटी

मी स्वतः हे उलटे केले. आजारातून उठल्यावर मी आधी भाजणीचे यंत्र घेतले, आणि कृती कागदावर नसल्यामुळे त्या यंत्रापुढेही मलाच उभे राहावे लागले. वर्षभर त्याचा हप्ता भरला आणि माझा एक तासही वाचला नाही. कृती ठरल्यावर, माणूस तयार झाल्यावर आणि मागणी हातांना झेपेनाशी झाल्यावरच यंत्राकडे वळावे. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, याची चौकशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी. अनुदान मिळते म्हणून मात्र यंत्र घेऊ नये, कारण उरलेले 65 टक्के आपल्यालाच फेडायचे असतात.

आठ दिवस बाहेर राहून पाहणे

हे सर्व झाल्यावर हंगाम चालू असतानाच आठ दिवस गावाबाहेर जावे. फोन फक्त रात्री एकदा घ्यावा आणि मागे कोणकोणते प्रश्न अडले ते वहीत लिहायला सांगावे. परत आल्यावर त्या प्रश्नांची उत्तरे कृतीच्या कागदात भरावीत आणि सहा महिन्यांनी पुन्हा जावे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहीत सतरा प्रश्न होते. त्यांतले नऊ पैशांचे होते, कारण रोजच्या खर्चाला रक्कम ठेवायचे मी विसरले होते. तेव्हापासून 5,000 रुपयांची पेटी आणि तिची नोंदवही भाजणाऱ्या बाईकडे असते. गेल्या चैत्रात मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला महिनाभर राहिले. परत आले तेव्हा वहीत तीनच ओळी होत्या: एक कांडपाच्या पट्ट्याबद्दल, एक लेबल संपल्याबद्दल, आणि तिसरी, फळीवरच्या नमुन्याच्या बरण्या तिने स्वतःहून दोनदा बदलल्याबद्दल.